तेच वाकडं अंगण

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामा म्हणाला आणि बाजूच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली.

जुलैतला रविवार होता. मामा गिरगावातून चार दिवसांसाठी पुण्याला आलेला. बाहेर धो धो पाऊस, म्हणून जरा वेळ काढायला मी त्याला माझ्या नेहमीच्या पूल पार्लरच्या तळघरात घेऊन गेले. माझी स्टिक घरी होती. भिंतीच्या रॅकमधल्या दोन-तीन स्टिका टेबलावर लोळवून पाहिल्या, त्यातल्या त्यात बरी निघाली ती उचलली आणि आठ नंबर कोपऱ्यात घालायला वाकले. पांढरा बॉल मारून झाल्यावर मधे यायला हवा होता, म्हणून थोडा उजवा साइड दिला. आठ नंबर पॉकेटच्या जवळपासही गेला नाही. मी म्हणाले, "ही स्टिक धड नाही." त्यावर मामाने ती म्हण फेकली.

पंचाहत्तरीच्या मामाशी भर पार्लरमध्ये वाद घालायची आमच्या घरची रीत नाही. पण पाऊस थांबल्यावर टपरीवर चहा पितानाही त्याने विषय सोडला नाही. "अगं, खऱ्या खेळाडूच्या हातात काठी कुठली का असेना, हात चालला पाहिजे. तुमची ही एवढाली पॉकेटं, त्यात बॉल घालायला काय लागतं? आणि तो चष्मेवाला पोरगा बघितलास? समोर बॉल जात होता तरी घातला नाही, पांढरा लपवून ठेवला. रडीचा डाव सगळा."

हे मामाचं एकट्याचं मत असतं तर मी 'बरं बाबा' म्हणून गप्प बसले असते. पण गेली वीस-बावीस वर्षं मी हेच ऐकत आलेय. क्लबातले स्नूकरवाले नाक वर करून हेच म्हणतात, ऑफिसातले सहकारी हेच म्हणतात आणि पार्लरमधली नवी पोरं हरल्यावर नाही तरी जिंकल्यावर हमखास हेच म्हणतात. खेळ म्हणजे नेम, नेम म्हणजे हात, बाकी सगळे नखरे. म्हणून टपरीवर गिळलेलं उत्तर इथे देते.

आधी त्या म्हणीकडे बघू. अंगण वाकडं आहे हे कळायला आधी नाचता यावं लागतं. ज्याला नाचता येत नाही त्याला सगळी अंगणं सारखीच. तो कुठेही पडतो आणि कुठे पडला याचं त्याला नवल वाटत नाही. पार्लरमध्ये पहिल्यांदा आलेला मुलगा कधीही स्टिकची तक्रार करत नाही. रॅकमधली हाताला लागेल ती घेतो, टोकाची टिप बसून गुळगुळीत झालीय का, बाजूने फुगलीय का, बघतही नाही, आणि खुशाल खेळतो. त्याचा बॉल कुठेही गेला तरी त्याच्या हिशेबात ते बसतं. तक्रार तो करतो ज्याचा बॉल कुठे जाणार हे आधी ठरलेलं असतं आणि तो तिथे जात नाही.

आता माझा आठ नंबर. पांढऱ्या बॉलच्या बरोबर मधोमध टिप लागली तर तो स्टिकच्या रोखाने सरळ जातो. टिप उजवीकडे लागली तर तो गिरकी तर घेतोच, पण निघतानाच किंचित डावीकडे सरकतो. किती सरकतो ते मारणाऱ्याच्या मनगटावर फारसं अवलंबून नसतं. टिपच्या मागचं पहिलं वीतभर लाकूड किती जड आहे, त्यावर ते ठरतं. टोक जड असेल तर सरकणं जास्त, हलकं असेल तर कमी. अगदी कडेला टिप लावली तर हे सरकणं दोन अंशांच्या आसपास जातं. ऐकायला काहीच नाही. पण पांढरा दोन मीटर लांब जायचा असेल तर दोन अंशांचे सात सेंटिमीटर होतात आणि पूलचा अख्खा बॉलच सत्तावन्न मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्या सरकण्याचा हिशेब धरला नाही तर बॉलला बॉल लागणारच नाही. (वाटेत कापडावर तो थोडा वळून परतही येतो, ती आणखी वेगळी भानगड.)

माझ्या स्टिकचं सरकणं मला माहीत आहे. आकड्यात माहीत नाही, डोळ्याला माहीत आहे. मी नेम धरते तेव्हा तो हिशेब आपोआप धरलेला असतो, भाजीत मीठ टाकताना चमचा मोजायला लागत नाही तसा. रॅकमधल्या स्टिकचं सरकणं माझ्या स्टिकपेक्षा अर्ध्या अंशाने जरी वेगळं असलं तरी दोन मीटरवर पांढरा पावणेदोन सेंटिमीटर बाजूला पडतो. समोरचा बॉल सरळ जायचा असेल तर एवढ्या फरकाने तो अठराएक अंश तिरका जातो. माझा आठ नंबर गेला तसा. मामाला वाटलं माझा हात चुकला. हात चुकला नव्हता, हाताने दुसऱ्या काठीचा हिशेब मांडला होता.

मामाचा दुसरा मुद्दा, की खेळ हाताचा आणि काठी नुसती निमित्ताला, हा मुद्दा खेळाच्या इतिहासाला धरून नाही. एके काळी या काठीचं टोक नुसतं लाकडी असायचं. मधोमध मारलं तर ठीक, जरा कडेला गेलं की घसरलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या एका फ्रेंच कॅप्टनने त्या टोकाला कातडं लावायची पद्धत रूढ केली आणि पांढऱ्या बॉलला हवी तशी गिरकी देणं शक्य झालं. पुढे 1897 साली विल्यम स्पिंक्स हा अमेरिकन खेळाडू आणि शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स या दोघांनी आजच्या चॉकचं पेटंट घेतलं. त्याला चॉक म्हणतात, पण शाळेतला खडू त्यात नसतो. वाळूतली सिलिका आणि कातड्याची पकड वाढवणारी खरबरीत पूड असते. बॉल पॉकेटमध्ये घालून पांढरा मागे खेचणं, पुढे पाठवणं, कुशनला लावून भलत्याच बाजूला वळवणं, पुढच्या तीन बॉलांचा विचार करून याच बॉलला तो कुठे थांबवायचा ते ठरवणं, हे सगळं करमणुकीचं शास्त्र त्या कातड्याच्या गोळीवर आणि निळ्या पुडीवर उभं आहे. आधी साधन आलं, मग डावपेच सुचले. हात बिचारा दोघांच्याही आधी होता आणि त्याला यातलं काही येत नव्हतं.

पॉकेटं मोठी आहेत, हे खरं. स्नूकरच्या मानाने पूलचं पॉकेट ऐसपैस असतं, तोंडापाशी जवळजवळ दोन बॉल मावतील इतकं. स्नूकरवाल्यांच्या तुच्छतेचं मूळ तिथेच आहे. पण त्याचा अर्थ त्यांनी उलटा लावलाय. बॉल घालणं सोपं असेल तर ते दोघांनाही सोपं असतं. मग सामना बॉल घालण्यावर ठरत नाही, घातल्यावर पांढरा कुठे उभा राहिला यावर ठरतो. एका वीतभर चौकोनात तो आला तर पुढचे सहा बॉल रांगेने जातात, त्या चौकोनाच्या चार बोटं बाहेर गेला तर मी भिंतीला टेकून उभी आणि समोरचा खेळतोय. मोठ्या पॉकेटांमुळे खेळ पोरकट होत नाही, कसोटीची जागा तेवढी बदलते.

आता मामाच्या स्ट्रायकरबद्दल बोलते. हे मी टपरीवर बोलले नाही, कारण मोठ्या माणसाला त्याचाच पुरावा दाखवणं बरं दिसत नाही.

गिरगावातल्या चाळीत मामा कॅरमचा राजा होता. बोर्ड दाराच्या मागे खिळ्याला, वर दोरीने खाली ओढायचा मोठा दिवा, बोरिक पावडरचा डबा मामीच्या मसाल्यांच्या शेजारी. बोर्ड चाळीचा, सोंगट्या चाळीच्या, पावडर वर्गणीतली. स्ट्रायकर मात्र मामाचा. पिवळट रंगाचा, कडेला जरा झिजलेला, चामड्याच्या छोट्या पाकिटात. नियमाने स्ट्रायकरचं वजन पंधरा ग्रॅमपर्यंत चालतं. मामा तो दर गणपतीच्या आधी ओळखीच्या सोनाराकडे तोलून आणायचा, जणू वर्षभरात त्याचं वजन वाढलं असेल. मी दहा वर्षांची असताना गॅलरीत ठिकरी खेळायला तो स्ट्रायकर पळवला. फरशीवर तो काय झकास घसरायचा! दुसऱ्या घरातून तिसऱ्या घरात गेला, तेवढ्यात मामा कामावरून आला. मारलं नाही त्याने. पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि त्या गणपतीत उपांत्य फेरीत हरला. कडेला टवका उडाला म्हणून हरलो, हे तो आजही सांगतो. त्याला तेव्हा कुणी अंगणाची म्हण ऐकवली नाही. ऐकवायला हवी होती का? मुळीच नाही. त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

लग्नाच्या घरी पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाया आपलं लाटणं पिशवीतून घेऊन जातात, त्यांना कुणी नखरेल म्हणत नाही. तबलजीने मैफलीत दुसऱ्याचा डग्गा नको म्हटलं तर आपण माना डोलावतो. आणि पूल खेळणाऱ्या बाईने स्वतःची स्टिक काढली की पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारतात. यातला थोडा भाग ती बाई आहे म्हणून, हे मला कळतं; पण तो वाद आज नको.

मामाच्या बाजूचे वकील हुशार असतात. ते दाखले घेऊन येतात. विली मॉस्कोनी या अमेरिकन खेळाडूचा दाखला ठरलेला. त्याचा बाप त्याला टेबलाला हात लावू देत नसे, म्हणून लहानपणी त्याने बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव केला. छान गोष्ट आहे, खरीही आहे. पण त्याच मॉस्कोनीने 1954 साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात न चुकता लागोपाठ 526 बॉल घातले, ते बटाट्यांवर घातले नव्हते. बटाट्यांनी त्याला खेळाचं वेड लावलं. बाकीचं त्याने टेबलावर, स्टिक घेऊन, हजारो तासांत कमावलं. या गोष्टीतून लोक नेमका झाडू उचलतात आणि ते हजारो तास तिथेच टाकून जातात.

दुसरा दाखला अधिक वजनदार आहे, आणि त्याला मी झटकून टाकणार नाही. स्नूकरचा स्टीफन हेंड्री. सात वेळा जगज्जेता झाला, तो किशोरवयात घेतलेल्या एका स्वस्तातल्या क्यूच्या, म्हणजे स्टिकच्या, जोरावर. 2003 साली बँकॉकहून परतताना विमानाच्या सामानात ती क्यू मोडली. नवी घेऊन त्याच वर्षी त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, अंतिम सामन्यात रॉनी ओसलिव्हनला हरवून. झालं, म्हणतात वकील, काठी गेली तरी राजा राजाच!

पण या दाखल्याचा पूर्वार्ध ते हळूच गिळतात. जगातल्या सर्वांत यशस्वी खेळाडूंपैकी एक, हवी ती महागडी क्यू परवडणारा माणूस, त्या स्वस्त काठीला दोन दशकांच्या आसपास का चिकटून राहिला? भावनेपोटी? व्यावसायिक खेळाडू भावनेपोटी इतकी वर्षं जिंकत नाही. त्याची सगळी मापं त्या काठीत होती. ती मोडल्यावर त्याने मापं पुन्हा घेतली, आणि हेंड्रीच्या तोडीचा माणूस ती लवकर घेतो, एवढंच यातून सिद्ध होतं. मी हेंड्री नाही. पार्लरमध्ये म्हणी फेकणारेही नाहीत.

सरावाबद्दल सगळेच आदराने बोलतात, मामाही बोलला. "सराव कर, काठी आपोआप नीट चालेल." पण सराव म्हणजे काय हे कुणी विचारत नाही. आमच्या पार्लरमध्ये सराव म्हणजे तासाचे पैसे भरून मित्राशी सात-आठ गेम खेळणं आणि हरणाऱ्याने कोल्ड्रिंक पाजणं. त्याला सराव म्हणणं म्हणजे रोज जेवतो म्हणून स्वयंपाक येतो म्हणण्यासारखं आहे. मी आठवड्यातून दोनदा, सकाळी अकराच्या आधी, टेबल रिकामं असताना जाते. फाइलच्या भोकांभोवती लावायच्या कागदी चकत्या असतात ना, स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्या दोन चकत्या कापडावर चिकटवते. एका चकतीवर पांढरा, दुसरीवर लाल तीन नंबर. तोच फटका पन्नास वेळा. बॉल उचलायचा, चकतीत बसवायचा, टिपला चॉक लावायचा, वाकायचं, मारायचं, आणि पांढरा कुठे थांबला ते बघायचं. चकतीत बॉल बसताना अगदी बारीक टक् असा आवाज होतो. पंचविसाव्या फटक्याच्या आसपास कंटाळा येतो, पस्तिसाव्याला राग येतो, आणि चाळिसाव्यानंतर कधीतरी हात स्वतःहून काहीतरी दुरुस्त करतो. काय केलं ते विचारलं तर सांगता येत नाही.

या सगळ्या खटाटोपाला अर्थ कधी येतो? बाकी सगळं तेच राहिलं तर. बॉल त्याच जागी, पांढरा त्याच जागी, जोर तोच. मग फरक पडला तो माझ्या हातामुळे पडला आणि त्यातून हात शिकला. यात स्टिक रोज वेगळी असेल तर फटका चुकल्यावर दोष कुणाचा, हे हाताला कळणार कसं? दोन अज्ञात राशी आणि एक समीकरण, सातवीच्या गणितातही ते सुटत नाही. रॅकमधली कुठलीही स्टिक घेऊन घासून सराव करणारा मुलगा पाच वर्षांनी चुकायचा थांबत नाही, तो पाच वर्षं वेगवेगळ्या पद्धतीने चुकतो. मग कष्टाळू मुलगा, पण हातात नाही, असा शेरा मिळतो त्याला. सराव नुसत्या हातात मुरत नसतो. हात आणि काठी यांच्यामध्ये, जिथे बोटं टेकतात तिथे तो मुरतो. काठी बदलली की त्यातला अर्धा रॅकमध्ये परत जातो.

आणि काठीखेरीज इथे रोज काही ना काही बदलतच असतं. पुण्याच्या पावसाळ्यात कापड दमट होतं आणि बॉल जडावल्यासारखा चालतो. मार्चमध्ये तोच फटका टेबलभर पळतो. मोठ्या स्पर्धांमध्ये स्नूकरच्या टेबलांना दगडी पाटीखालून ऊब देतात ती उगाच नव्हे. अमेरिकेत नाणं टाकून खेळायच्या टेबलांवर पांढरा बॉल यंत्राने वेगळा काढता यावा म्हणून कित्येक वर्षं बाकीच्यांपेक्षा जड किंवा मोठा ठेवत. तो मागे खेचता खेचता खेळाडूंचा जीव जायचा. अंगण खरंच वाकडं असतं, बऱ्याचदा असतं, आणि जे आपल्या हातात नाही ते बदलतं म्हणूनच जे हातात आहे ते तरी बदलू नये.

इथे मला माझ्याच गोटातल्या काही लोकांना बाजूला करायचंय, कारण त्यांच्यामुळे मामासारखे लोक जिंकतात. दर सहा महिन्यांनी नवी स्टिक घेणारे, कार्बनचा शाफ्ट, तीन टिपा, हातमोजा, दोन हजाराचं चॉक घेऊन येणारे आणि पहिल्याच ब्रेकला पांढरा पॉकेटमध्ये घालणारे. 1986 साली 'द कलर ऑफ मनी' हा सिनेमा आला. त्यात एडी नावाचा म्हातारा खेळाडू टॉम क्रूझला एक बालाबुश्का क्यू देतो. जॉर्ज बालाबुश्का हा ब्रुकलिनमधला मोठा कारागीर, त्याच्या क्यू संग्राहक तिजोरीत ठेवतात. सिनेमात क्रूझ ती तलवारीसारखी गरगर फिरवतो आणि जगभरच्या पोरांना स्टिकबद्दल जे काही वाटतं ते त्या एका दृश्यावरून वाटतं. गंमत अशी की पडद्यावरची ती काठी बालाबुश्का नव्हतीच. खरी फार मोलाची, शूटिंगमध्ये कोण धोका पत्करणार, म्हणून जॉस कंपनीची तशी दिसणारी वापरली होती. सहा महिन्याला काठी बदलणाऱ्यांचंही तेच आहे, प्रेम काठीच्या दिसण्यावर. मीसुद्धा एकदा तसं केलंय. एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत गारद झाले, त्या संतापात दुसऱ्या दिवशी नवी स्टिक घेतली आणि पुढचे तीन महिने ज्यांना पूर्वी सहज हरवायचे त्यांच्याकडून हरले. नवी स्टिक उत्तम होती. मग ती भाचीला दिली. ती तिच्यावर छान खेळते. एखाद्या वस्तूचा लोभ असणं आणि तिला जीव लावणं यात फरक आहे आणि तो दुकानदाराला बरोबर कळतो. जीव लावणारं गिऱ्हाईक त्याच्या काही कामाचं नसतं.

राहिला रडीचा डाव. त्या चष्मेवाल्या मुलाने काय केलं ते मामाने पाहिलं, पण त्याला उमगलं नाही. त्याचे दोन बॉल उरले होते, समोरच्याचे पाच. एक बॉल पॉकेटच्या तोंडाशी, दुसरा लांबच्या कुशनला चिकटलेला, जायची शक्यता दहात एक. मामाच्या हिशेबाने त्याने तोंडाशी असलेला घालायला हवा होता. घातला असता, मग चिकटलेल्यावर चुकला असता, आणि समोरच्याला मोकळं टेबल मिळालं असतं, त्याच्या वाटेत एकही अडथळा नसताना. आठ बॉलच्या खेळात सोपे बॉल आधी घालून टाकणं म्हणजे पाच घालून हरणं. पार्लरमध्ये रोज संध्याकाळी दहा जण असे हरतात आणि नशिबाला शिव्या देतात. या मुलाने तोंडाशी असलेला बॉल तसाच ठेवला, म्हणजे ते पॉकेट समोरच्याला बंद. चिकटलेल्या बॉलला हळूच ढोसून कुशनपासून सुटा केला, आणि पांढरा आठ नंबरच्या मागे दोन बोटांवर थांबवला. बॉल सरळ घालण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे. घालायला दिशा पुरते. लपवायला दिशा हवी आणि वेगही मोजून हवा. पांढरा आणखी चार बोटं गेला असता तर पलीकडून बाहेर डोकावला असता. एवढा बारीक वेग परक्या काठीवर सापडत नाही. त्या मुलाची स्टिक त्याची स्वतःची होती, हेही मामाने पाहिलं नाही.

कॅरममध्ये मामा समोरच्याच्या होलवर आपली सोंगटी लावून ठेवायचा, तेव्हा चाळ टाळ्या वाजवायची. तेव्हा ती अक्कल होती. इथे टेबल मोठं झालं आणि तीच गोष्ट रडीची झाली.

अशा पांढरा लपवण्याला, म्हणजे सेफ्टीला, पळपुटेपणा म्हणणाऱ्यांना मी एफ्रेन रेयस दाखवते. फिलिपिन्सचा हा माणूस 1985 साली अमेरिकेत सीझर मोरालेस हे खोटं नाव घेऊन खेळला, कारण खरं नाव कळलं असतं तर त्याच्याविरुद्ध कुणी पैसे लावले नसते. 1995 साली रीनोमध्ये अर्ल स्ट्रिकलंडने त्याला असं लपवून ठेवलं की बॉलला सरळ लागायची सोय नव्हती. रेयसने पांढरा दोन कुशनांना लावून 'झेड' अक्षरासारखा फिरवला, बॉल पॉकेटमध्ये घातला आणि डाव जिंकला. या खेळातल्या सर्वांत गाजलेल्या फटक्यांपैकी तो एक. स्ट्रिकलंडने रडीचा डाव खेळला नसता तर तो फटका जन्माला आला नसता. नुसत्या नेमाच्या खेळात रेयससारखा माणूस निपजत नाही. आधी कुणीतरी त्याचा रस्ता अडवावा लागतो.

इथे लेख संपवता आला असता, आणि मी जिंकले असते. पण त्या रविवारी रात्री घरी आल्यावर एक गोष्ट घडली, ती लपवली तर तो मात्र खरोखर रडीचा डाव होईल.

मामाने माझी स्टिक बघायला मागितली. केसमधून काढून, दोन भाग जोडून दिली. त्याने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मी पार्लरमध्ये केलं होतं तशीच तळहाताने लोळवली. सनमायक्यावर आवाज आला: टक्, टक्, टक्. सरळ काठी असा आवाज करत नाही. मामाने पुन्हा लोळवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाला, "अंगण वाकडं आहे की तुझं. आणि तुला पत्ता नाही!"

मला खरंच पत्ता नव्हता. दोन उन्हाळे ती गाडीच्या डिकीत राहिली होती, त्यातच कधीतरी वाकली असणार. नाचता येणाऱ्याला अंगणाचा वाकडेपणा कळतो, असं वर मी ठासून लिहिलंय, आणि माझ्याच अंगणाचा वाकडेपणा मला कळला नव्हता. मामाची हार तिथे जवळजवळ जीत झाली.

रात्री झोप येईना तेव्हा उठून पुन्हा लोळवली. दांडीवरचा कंपनीचा बिल्ला वर असताना वाक बरोबर खाली जातो. आणि मी स्टिक नेहमी बिल्ला वर ठेवूनच धरते. का, ते मला कधी कळलं नव्हतं. दोन भागांचा पेच रोज त्याच जागी घट्ट होतो, म्हणजे वाक रोज त्याच दिशेला. माझ्या हाताने तो कधीतरी ओळखला आणि मला न सांगता हिशेबात धरून टाकला. अंगण वाकडं होतं, पण रोज तेच वाकडं. पार्लरमधली रॅकची स्टिक माझ्या स्टिकपेक्षा सरळ होती, आणि म्हणूनच माझा आठ नंबर गेला नाही.

सकाळी मामाने विचारलं, "मग आता नवी घेणार?"

"गणपतीत पार्लरची स्पर्धा आहे," मी म्हणाले. "आता बदलली तर तीन महिने हरायचं. दिवाळीनंतर बघू."

"मी सांगितलं नव्हतं?" मामा म्हणाला. काय सांगितलं होतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो बॅग भरत होता. दाढीचं सामान, पंचा, गोळ्यांचा डबा. मग सदऱ्याच्या खिशातून त्याने चामड्याचं छोटं पाकीट काढलं, एकदा दाबून बघितलं आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. आमच्या घरी कॅरम बोर्ड नाही, हे त्याला वीस वर्षं माहीत आहे.